विमानाचो श्रावण

४ नोव्हेंबर १९६४
पंखांवरचं शेवटचं कापड आज ताणून झालं. इंजिन गेल्या महिन्यातच बसलं आणि पहिल्या झटक्यात सुरूही झालं. वाडीतल्या कोंबड्या अजून अंड्यांवर बसत नाहीत अशी शेजारच्या रुक्मिणीची तक्रार आहे. असू दे. आता उरला फक्त रंग.

एकवीस वर्षं मुंबईत विमान कंपनीच्या स्टोअरात नटबोल्टांच्या पावत्या फाडल्या. रविवारी क्लबात विमान चालवायला शिकलो, ते कुणाच्या लक्षात नाही. गावात परत आलो तर लोक म्हणतात, गुरुदास कारकून आला. याच गुरुदास कारकुनाचं विमान पावसाळ्याआधी ओहोटीच्या वाळूवरून उडेल आणि सगळं मालवण मान वर करून बघेल. मुंबईचे तपासनीस साहेब एप्रिलमध्ये येतायत. त्यांनी पास केलं की उडायचं. नापास केलं तर, हे वाक्य या वहीत लिहायचं नाही असा संकल्प.

दुसरा संकल्प: विमानाला ब्रश लावायचा नाही. होड्या रंगवणारा भिकाजी आज मांगरात, म्हणजे विमानाच्या शेडात, येऊन गेला. म्हणे, «तात्यानू, ब्रशान मारतंय, दोन दिसांत होतला.» दोन दिवसांत होतं म्हणूनच त्याची होडी होडीसारखी दिसते. हाकलला.

७ नोव्हेंबर
स्प्रे गनचा अभ्यास. अमेरिकन पुस्तकात तीन प्रकार दिलेत. एक, रंगाची वाटी खाली. हवा रंग वर ओढते. दोन, वाटी वर. रंग आपल्या वजनाने खाली येतो. तीन, रंगाची टाकी वेगळी आणि मधे नळी.

खालच्या वाटीवर माझा विश्वास नाही. रंग वर कशाला चढेल? वेगळी टाकी म्हणजे वेगळी कटकट. वरची वाटी उत्तम. पृथ्वी ओढते, ती पगार मागत नाही.

मेव्हणा काशिनाथ (बाजारात दुकान, डोक्यात दुकानच) मधेच म्हणाला, «भावजीनू, ढेकणांचो फ्लिटचो पंप चलात काय?» काही प्रश्नांना उत्तर देणं हा स्वतःचा अपमान असतो.

१२ नोव्हेंबर
मुंबईहून गन यायला वेळ लागणार. तोवर हात बसावा म्हणून काशिनाथकडूनच सुपारीवर औषध मारायचा पंप आणला. फ्लिटचा नव्हे. फरक आहे.

सायंकाळी ५
पंपात मोरचूद राहिला होता. चंदेरी रंग शेपटीवर हिरवानिळा उमटला. पंप धुवून का दिला नाही म्हणून काशिनाथला विचारलं. तो म्हणाला, पोफळीक चलता. माझं विमान पोफळ आहे काय? सगळं घराणंच असं. नर्मदा त्याची बहीण आहे हे लग्नाआधी नीट तपासायला हवं होतं.

२ डिसेंबर
गन आली. बोटीतून, गवतात गुंडाळून. वाटी वर. रात्री उशाशी घेऊन झोपलो, खोटं कशाला लिहू.

हवेसाठी माझी स्वतःची योजना: ट्रकच्या टायराला हवा भरायचा मोठा पंप, त्यातून हवा ट्रकच्या ट्यूबमध्ये, ट्यूबमधून गनमध्ये. पंप मारायला गंगाराम ठेवला. वखारीत लाकडं उचलतो, दंड चांगले आहेत. पंपाचा चामडी वायसर सुकतो म्हणून रोज सकाळी मी स्वतः त्यात घरचं खोबरेल घालतो. भरपूर. हवा अशी गुळगुळीत येते की ऐकत बसावं. असल्या बारीक गोष्टींतच इंजिनिअर कळतो.

५ डिसेंबर
पहिला कोट. डाव्या पंखाची वरची बाजू. चंदेरी. डोळ्यांत पाणी आलं, थोडं वासाने, थोडं आनंदाने. पंख उन्हात न्यायला नर्मदा एका टोकाला होती, मी दुसऱ्या. पंख आमच्या दोघांच्या हातांवर तरंगत गेला. कारागिरी म्हणतात ती ही.

नर्मदेने विचारलं, खालच्या त्या पायदांड्या कशाला. शेपटी वळवायला, मी सांगितलं. «ह्यो पाय दाबलो की खंय वळता?» मी म्हटलं, तुला काय करायचंय. एसटीत कणकवलीपर्यंत हिला लिंबू हुंगत जावं लागतं.

६ डिसेंबर, सकाळी ७
पंख बघितला. सत्यानाश. सगळ्या रंगावर गोल गोल खड्डे. मधे रंगच नाही, कडेला जाड कंगोरा. हजार डोळे माझ्याकडे बघतायत.

सकाळी १०
पुस्तकात सापडलं. याला फिश आय म्हणतात. माशाचे डोळे. कारण: कापडावर किंवा हवेत तेलकट अंश असणे.

तेलकट अंश. माशाचे डोळे. आणि मी कुठे बसलोय? मालवणात, जिथे सकाळ-संध्याकाळ बांगडा तळतात. अमेरिकन माणसाने सगळं छापून ठेवलंय, फक्त नर्मदेच्या चुलीचं नाव घातलेलं नाही. मांगर आणि स्वैपाकघर यांच्यात हाताभर अंतर. धूर सरळ पंखावर. एवढे दिवस मी माझ्या शत्रूचा रस्सा भातावर ओतून घेत होतो.

दुपारी १
आजपासून घरात मासळी बंद. रंग पूर्ण होईपर्यंत. सुकटसुद्धा नाही. नर्मदा म्हणाली, «श्रावण संपान तीन म्हयने झाले, आता ह्यो खंयचो श्रावण?» मी म्हटलं, शास्त्राचा. त्यावर ती डाळ धुवायला गेली.

मेहनत घेणाऱ्या माणसाला घरातून पाठिंबा मिळत नाही हे जगभरचं दुःख आहे.

१० डिसेंबर
दुसरा कोट, खड्डे झाकायला. पुस्तकात म्हटलंय आधी घासून काढा. घासणे म्हणजे माघार. मी वरून मारला. वायसरला आज दुप्पट खोबरेल. तब्येतीत हवा आली.

११ डिसेंबर
डोळे आहेत. जास्त आहेत. घरात सहा दिवस मासळी नाही, मग आली कुठून? चौकशी केली. गंगाराम घरी पेडवे खाऊन कामाला येतो. हाताला वास. त्याला बजावलं, पंप मारायचा असेल तर मासळी सोड. सोडतो म्हणाला, पण अशा चेहऱ्याने की जणू मी त्याची म्हातारी आई सोड म्हणालो.

२० डिसेंबर
पंखाची खालची बाजू. गन उलटी धरावी लागली. वाटी वर असलेली गन उलटी धरली की वाटी खाली येते, हे पुस्तकात कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही. झाकण निघालं. डोकं, मिश्या, डावा कान चंदेरी. गंगाराम पंप मारायचं थांबला नाही. त्याला दिसलं नाही म्हणतो. त्याला सगळं दिसलं.

नर्मदेने रॉकेलने डोकं पुसलं आणि वर खोबरेल चोळलं. पुसताना तिचे खांदे हलत होते. रडत असावी असं मी धरून चालतो.

३ जानेवारी १९६५
वाऱ्याने घात केला. नेमका खारा वारा, नेमका चौथा कोट. किंवा पाचवा. रुक्मिणीने अंगणात चटईवर सुके बांगडे घातले होते. ते चंदेरी झाले. तावातावाने आली: «आता ह्ये बांगडे खावचे की देवाऱ्यात ठेवचे?» मी म्हटलं, बाई, तुमचे बांगडे माझ्या रंगात आले की माझा रंग तुमच्या बांगड्यांवर गेला, याचा आधी निर्णय होऊ दे. अंगणात मासळी सुकवते आणि वर मला विचारते. आता कळलं डोळे कुठून येतात.

सगळ्या वाडीला विनंती केली की एप्रिलपर्यंत मासळी उघड्यावर सुकवू नये. विनंती नीट शब्दांत केली, आवाज थोडा चढला असेल.

९ जानेवारी
काशिनाथ सांगत होता की बाजारात माझ्या मासळीबंदीला «विमानाचो श्रावण» म्हणतात. तो हे हसत सांगत होता. मी त्याला विचारलं, राईट बंधूंना लोक हसले नव्हते काय? तो म्हणाला, खंयचे राईट, कुडाळचे? या माणसाशी माझं सोयरिकीचं नातं आहे.

१८ जानेवारी
आणखी कोट. कितवा ते लिहायचं सोडून दिलं. मोजणारा माणूस संशयी असतो.

डावा पंख उन्हात नेताना नर्मदेला उचलेना. गंगाराम आला तरी उचलेना. काशिनाथला हाक मारली. तिघे मिळून कण्हत कण्हत नेला. गंगाराम घाम पुसत म्हणाला, «तात्यानू, पंख जड झालो.» पंख जड होत नसतो. माणसं हलकी झालीत. मासळी सोडल्यापासून गंगारामचे दंड उतरलेत, मी बघतोय. नर्मदाही वाळली आहे. बांगड्या कोपरापर्यंत चढतात. ताकद नाही कुणात. एका कोटासाठी किती लोकांचा त्याग लागतो हे पुढे कुणाला कळणारही नाही.

मी स्वतः मात्र ठणठणीत. मासळी नाही म्हणून नर्मदा नारळाचं दूध, उकडे तांदूळ, तूप, फणसाचे तळलेले गरे असं काही काही करून माझ्या पानात वाढते. स्वतः काय खाते बघितलं नाही.

४ फेब्रुवारी
गन थुंकते. फवारा येत नाही, थुंकी येते. नोझल काढलं, आत तेलकट काहीतरी. तेलकट. मासळी आता गनच्या आत शिरली. हे दर्याकाठचं गाव कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही.

नोझल धुवून, पुसून, खोबरेलाचा हात देऊन परत बसवलं.

११ फेब्रुवारी
भिकाजी पुन्हा डोकावला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, ब्रशाचा काही बोलत नाय, बघूक इलंय. पंखावर टिचकी मारली. टक् असा आवाज आला. कापडाचा डम् यायचा, दाराचा टक् येतो, असं काहीतरी त्याच्या मनात आलेलं मला दिसलं. बोलला असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं. न बोलता गेला. त्यामुळे दिवसभर चिडलेलो आहे.

२० फेब्रुवारी
मी दुपारी पडलो होतो तेव्हा नर्मदा विमानात बसली होती. गंगारामने सांगितलं. विचारलं तर म्हणाली, सीट पुसत होते. सीट पुसायला आत बसावं लागतं काय? शिवाय मलाच विचारते, इंजिन बंद पडलं तर नाक वर करायचं की खाली. खाली, मी सांगितलं. «मगे तां तसाच येता काय, रुक्मिणीच्या खुराड्यावर इल्ल्या घारीसारख्या?» असल्या बायकी प्रश्नांनी माझी एकाग्रता जाते.

१९ मार्च
शिमगा. न लिहिलेलं बरं, पण लिहितो, कारण राग कागदावर उतरला नाही तर माणसावर उतरेल. यंदाच्या सोंगांत माडाच्या झावळ्यांचं विमान होतं. वर एक जण बसलेला, मिश्यांना चुना. एक जण ढोलावर पंप मारतोय आणि पुढे एक जण ओरडतोय, बांगडो मागे, बांगडो मागे. सगळा रस्ता हसत होता. माझ्या दारासमोर थांबून नाचले. नारळ द्यावा लागला. रीत आहे.

नर्मदाही हसली. पदर तोंडावर होता, पण मी तिला चोवीस वर्षं ओळखतो.

१ एप्रिल
शेवटचा कोट. आता खरोखर शेवटचा, कारण रंग संपला. खड्डे लांबून दिसत नाहीत. साहेबांना लांब उभं करायचं. खुर्ची मांगराच्या दारात, माडाच्या सावलीत. संध्याकाळचं ऊन चांगलं पडतं.

विमान मांगरातून बाहेर ओढायला आठ माणसं लागली. मासळी नसल्याने मालवण किती खचलंय याचा हा पुरावा.

७ एप्रिल, सकाळी
साहेब आज येणार. कोट इस्त्रीचा. नर्मदेला सांगितलं, चहा आण आणि मागे हो.

७ एप्रिल, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.

साहेब आले. बारीक अंगाचे, चष्मा. खुर्चीत बसले नाहीत. सरळ पंखाशी गेले आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघू लागले. इंजिनावर खूष. लाकूडकामावर खूष, म्हणाले, इतके सरळ सांधे मुंबईतही बघायला मिळत नाहीत. मी काशिनाथकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा चक्क अभिमानाचा होता. हे मला अपेक्षित नव्हतं.

मग साहेब म्हणाले, हे फिश आय बरेच आहेत. मी मासळीचा सगळा इतिहास सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पंपाला तेल कुठलं घालता? मी म्हटलं, घरचं खोबरेल, शुद्ध. ते म्हणाले, तेच हवेतून रंगात येतंय. माशाचा काही संबंध नाही, खड्डा माशाच्या डोळ्यासारखा दिसतो म्हणून ते नाव.

मागे गंगाराम उभा होता. त्याने इतका लांब श्वास सोडला की मला तो ऐकू आला.

नुसत्या दिसण्यावरून शास्त्रीय पुस्तकात नावं ठेवायची? अमेरिकन लोकांना जबाबदारी नाही. मी तसं साहेबांना म्हणालो. ते म्हणाले, आता वजन करू.

खोबऱ्याच्या वखारीतला मोठा काटा आणला. पंख वेगळे, धड वेगळं. साहेबांनी आकडे लिहिले, चष्मा पुसला, पुन्हा लिहिले. विचारलं, कोट किती? मी म्हटलं, पुरेसे. ते म्हणाले, गुरुदासराव, तुम्ही विमानावर दुसरं विमान रंगवलंय. रंग खरवडला तर कापडासकट निघेल, म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि पावसाळा तोंडावर. आहे तसंही उडेल, बांधणी चांगली आहे. पण या इंजिनावर आता चव्वेचाळीस-पंचेचाळीस किलोचा पायलटच चालेल.

मी काट्यावर उभा राहिलो. शहाऐंशी. काटा खोबऱ्याचा आहे, माणसांचा नाही, असं मी म्हटलं. काशिनाथ चढला, गंगाराम चढला; दोघेही जास्त. भिकाजीला कुणी बोलावलं नव्हतं, तोही चढला.

तेवढ्यात नर्मदा चहा घेऊन आली. तिने ट्रे पंखावर ठेवला, चपला काढल्या आणि काट्यावर उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. त्रेचाळीस आणि थोडं.

साहेबांनी आकडा लिहून घेतला. मग तिलाच विचारलं, भीती वाटते? ती शुद्ध मराठीत म्हणाली, नाही साहेब. ऑफिसात बोलतात तसं. हे ती कुठून शिकली? साहेब म्हणाले, शिकायचं असेल तर शिकण्याची सोय मी बघतो. आणि चहा प्यायले. माझ्या विमानाच्या पंखावरचा चहा.

८ एप्रिल
संतापाने झोप नाही. माझं विमान. माझं इंजिन. माझी गन. बाईमाणूस उडवणार म्हणे. नर्मदेला सांगितलं, हे होणार नाही. ती म्हणाली, बरां. इतकं सरळ बरां मी चोवीस वर्षांत ऐकलेलं नाही.

संकल्प: आजपासून जेवण बंद. फक्त शहाळं. पंचेचाळीसवर येणारच. इच्छाशक्ती म्हणजे काय हे या घराला दिसेल.

८ एप्रिल, दुपारी ३
शहाळ्यातली मलई पाण्यातच धरली.

१० एप्रिल
सत्याऐंशी. वखारीतला काटा बिघडलेला आहे हे आता सिद्ध झालं.

१३ एप्रिल
मांगरात गेलो तर नर्मदा आत बसलेली. लपली नाही, उतरली नाही. डोळे मिटून पाय हलवत होती, डावा, उजवा, डावा. मला काहीतरी कडक बोलायचं होतं. तिचं तोंड लग्नातल्यासारखं दिसत होतं. मग मी म्हटलं, उजवा इतका दाबायचा नाही. ती म्हणाली, मगे किती? मी दाखवलं.

का दाखवलं ते माहीत नाही.

१५ एप्रिल
मासळीवरची बंदी आज अधिकृतपणे उठवली. वाडीला कळवलं. वाडीने गेल्या आठवड्यातच उठवली होती असं दिसलं. काशिनाथ इसवण घेऊन आला, भलीमोठी. गंगारामलाही जेवायला बसवलं. चार महिन्यांनी घरात तो वास. रागावायचं ठरवलं होतं, पण तोंडाला पाणी सुटलं की राग नीट येत नाही.

नर्मदेने सगळ्यांना वाढलं आणि स्वतः डाळभात घेऊन बसली. तिचा तुकडा ताटलीत तसाच. मी विचारलं, घे की, आता कुणाची मनाई आहे?

«नको,» म्हणाली. «वजन वाढात.»

काशिनाथ जेवायचा थांबला. तिचा तुकडाही मीच खाल्ला.